जिगरचा कडकपणा : सुई न टोचता तपासणी

“आम्ही दारूला शिवत नाही, मग आमच्या जिगरला काय होणार?” हे वाक्य आम्ही कापडबाजारात नेहमी ऐकतो. गैरसमज मोठा आहे. दिवसभर गादीवर बैठक, वरचेवर गोड चहा, त्यात मधुमेह आणि पोटाचा घेर, एवढ्यानेही यकृतात चरबी साठते. हिपॅटायटिस बी आणि सी यांचे विषाणू तर वर्षानुवर्षे गुपचूप नुकसान करतात. दुखत काहीच नाही. आतल्या आत वण धरतात, यकृत कडक होत जाते आणि शेवटी सिरॉसिस.

साध्या सोनोग्राफीत चरबी दिसते, सुरुवातीचे वण दिसत नाहीत. त्यासाठी पूर्वी बायोप्सी करावी लागे. सुईने काढलेला तुकडा म्हणजे साऱ्या यकृताचा सुमारे पन्नास हजारावा भाग. चिंधी पाहून अख्खी गाठ पास करण्यासारखेच हे! शिवाय रक्तस्रावाची भीती, म्हणून माणसे तपासणीच टाळीत.

२००३ च्या सुमारास फ्रान्सच्या एकोसेन्स कंपनीचे फायब्रोस्कॅन यंत्र आले. उजव्या बरगड्यांच्या मध्ये यंत्राचे टोक ठेवून हलकी टिचकी देतात. त्या धक्क्याची लहर मऊ यकृतातून हळू जाते, कडक यकृतातून वेगाने. हा वेग अल्ट्रासाउंडने मोजून किलोपास्कलमध्ये आकडा काढतात. किमान दहा मापे घेऊन मधला आकडा धरतात. काम काही मिनिटांचे, पण आधी तीन तास उपाशी राहावे लागते. रोज्यात दुपारी गेल्यास ही अट आपोआप पुरी होते.

आकडा ८ च्या खाली असेल तर बहुधा मोठे वण नाहीत. १५ च्या वर असेल तर आजार पुढे गेल्याची दाट शंका. मात्र कावीळ चढलेली असताना आकडा फुगतो, पोटात पाणी असल्यास माप भरवशाचे येत नाही, लठ्ठ माणसाला मोठे टोक लागते. म्हणून रिपोर्ट डॉक्टरांकडूनच वाचून घ्यावा.

कारागीर बांधवांना मजुरी बुडवून यंत्रापर्यंत जाणे परवडत नाही. त्यांनी आधी जवळच्या डॉक्टरांना एफआयबी-४ काढायला सांगावे. वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट यांचा हा हिशेब, खर्च फक्त साध्या रक्ततपासणीचा. चरबीचा आजार असलेल्या ३५ ते ६५ वयाच्या माणसात तो १.३ च्या खाली आला तर गंभीर वणांची शक्यता कमी. विषाणू निघाला तर २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात बी आणि सी या दोन्हींची औषधे सरकारी केंद्रांत मोफत मिळतात. सी तर बहुतेकांचा तीन महिन्यांच्या गोळ्यांनी जातो.