दोन मुखवटे नव्हेत, एक रेषा

मोडलेल्या हाडाचे चित्र काढता येते, हृदयाचेही काढता येते. परंतु जो आजार माणसाला आज आभाळाला भिडवितो आणि चार महिन्यांनी अंथरुणातून उठू देत नाही, तो कागदावर कसा आणावयाचा? हा प्रश्न चित्रकाराचा वाटतो; वास्तविक तो रोग्याच्या भाकरीचा आहे.

या आजाराला डॉक्टर बायपोलर किंवा द्विध्रुवी विकार म्हणतात. उन्मादाच्या काळात दोन तास झोपूनही थकवा येत नाही, बोलणे थांबत नाही, कर्ज काढून पैसा उधळला जातो. अवसादाच्या काळात जेवण, काम, जगणे सारेच नकोसे होते. मधल्या काळात बहुधा तोच माणूस चारचौघांसारखा वागतो. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात हजार प्रौढांमागे सुमारे पाच जणांना आयुष्यात कधी ना कधी हा विकार झालेला आढळला.

प्रारंभी वैद्यांनी चेहरे रेखाटले. फ्रान्समध्ये एस्किरोल यांनी 1838 साली आपल्या ग्रंथात मनोरुग्णांची कोरीव चित्रे छापली. पुढे छायाचित्रे आली. आजही भित्तिपत्रकांवर अर्धा हसरा, अर्धा रडका मुखवटा दिसतो. आमच्या मते हे चित्र दिशाभूल करते. चेहरा एका क्षणाचा असतो. हा आजार वर्षांचा असतो. शिवाय मधला बरा माणूस त्या मुखवट्यात कोठेच नसतो.

जर्मन वैद्य एमिल क्रेपेलिन यांनी 1899 साली उन्माद आणि अवसाद ही एकाच आजाराची दोन रूपे मानली. पुढे त्यांनी एकेका रोग्याचे आयुष्य वर्षांच्या आणि महिन्यांच्या चौकटींत मांडले. उन्मादाला तांबडा रंग, अवसादाला निळा. चेहरा गेला आणि काळ आला. कोणाचे निळे पट्टे लांब, कोणाचे तांबडे आखूड. एकाची आकृती दुसऱ्याशी जुळत नाही, हेही त्यातून दिसले.

आपल्या यवतमाळच्या माणसाला ही भाषा परकी नाही. पावसाचा आलेख आणि कापसाच्या भावाची चढउतार आपण रोज वाचतो. तसाच कागद घरी आखावा. मधोमध एक आडवी रेघ, ती नेहमीची मनःस्थिती. चढले तर वर टिंब, उतरले तर खाली. त्याखाली झोपेचे तास आणि घेतलेले औषध.

याने काय साधते? रोगी बहुधा अवसादात दवाखान्यात येतो. डॉक्टरला रेषेचा खालचा भागच दिसतो. आणि नुसते नैराश्याचे औषध दिले तर काही रोग्यांत उन्माद उसळू शकतो. कागद हाती असला तर वरचा भाग लपत नाही. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे जिल्ह्यात नैराश्याची चर्चा झाली, 2015 पासून ‘प्रेरणा’ प्रकल्पही आला. परंतु वरच्या टोकाविषयी आपण अजून गप्पच आहोत. झोपेचा रकाना तर फार मोलाचा. झोप मोडणे हे उन्मादाचे लक्षण आहे तसे निमित्तही आहे. जिनिंगच्या हंगामात रात्रपाळी करणाऱ्याने हे विशेष ध्यानात ठेवावे.

लिथियमचा उपयोग ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी 1949 साली दाखविला. आजही ते औषध मोलाचे आहे. मात्र रक्तातील त्याचे प्रमाण तपासावे लागते. आपल्या उन्हाळ्यात अंगातील पाणी घटले तर ते प्रमाण धोक्याइतके वाढू शकते. तपासणीची तारीखही त्याच कागदावर लिहावी. मेंदूच्या रंगीत चित्रांनी मात्र भुलू नये. ती संशोधनाला उपयोगी आहेत. पण नुसत्या त्यांवरून हा विकार ठरविता येत नाही.

आम्ही कामगार चळवळीतील माणसे. आम्हांला दुसरा एक कागद चांगला ठाऊक आहे, तो म्हणजे हजेरीपट. त्यात गैरहजेरी दिसते, आजार दिसत नाही. उन्मादात साहेबाशी भांडलेला कामगार उद्धट ठरतो, अवसादात घरी पडलेला कामचुकार ठरतो. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे नोकरीत असताना दिव्यांगत्व आले म्हणून सरकारी आस्थापनेला कर्मचाऱ्यास काढता येत नाही, आणि त्या कायद्याच्या यादीत मानसिक आजारही आहे. खाजगी कारखान्यात हे संरक्षण मिळविणे संघटनेचे काम आहे. तेथे डॉक्टरच्या दाखल्याबरोबर ही रेषा पुढे ठेवता आली पाहिजे. मात्र ती रोग्याच्या संमतीनेच, कारण तो कागद त्याचा आहे.

सल्ला हवा असेल तर 14416 या टेलि-मानसच्या क्रमांकावर विनामूल्य मिळतो. कागद आणि पेन्सिल घरात आहेच. आजची नोंद आजच करावी.