वर्गाचे नियम कोणी करायचे?

पुणे-सातारा रस्त्याने जाणाऱ्यांना किकवी गाव ठाऊक असते. कापूरहोळ मागे पडले की किकवी, पुढे सारोळ्याला नीरेचा पूल, आणि तिथून सातारा जिल्हा. भोर-वेल्ह्याच्या या भागात वाड्या-वस्त्यांवरची मुले कुणी एस.टी.ने, कुणी पायी शाळा गाठतात. आईबाप सकाळीच कामावर गेलेले असतात. अशा मुलाला पावसात दहा मिनिटे उशीर झाला आणि नियमाप्रमाणे त्याला वर्गाबाहेर उभे केले, तर त्यातून ते मूल काय शिकले? शाळा आपली नाही, एवढेच.

आम्ही शिस्तीच्या विरुद्ध नाही. कष्टकऱ्यांच्या मुलांना तर शिस्तीवाचून गत्यंतर नाही. पण शिस्त आणि धाक यांत फरक आहे. धाकाने वर्ग गप्प बसतो तो गुरुजींची पाठ वळेपर्यंतच.

याच रस्त्याने खंबाटकी घाट ओलांडून पुढे गेले की सातारा येते. ७ नोव्हेंबर १९०० रोजी तिथल्या शाळेत भीमराव नावाच्या मुलाचे नाव दाखल झाले. त्या मुलालाही नियम होते. सगळ्यांपासून वेगळे बसायचे, बसायला गोणपाट घरूनच आणायचे, पाण्याच्या नळाला हात लावायचा नाही, शिपाई असेल तरच पाणी मिळेल. हे नियम करताना त्याला कोणी विचारले नव्हते. ज्याच्यावर नियम चालतो त्यालाच बाहेर ठेवून केलेला नियम कुठवर जाऊ शकतो, हे आपल्या समाजाला कोणी पुस्तकातून शिकवायला नको.

त्याच साताऱ्यात १९२४ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी बोर्डिंग काढले. सर्व जातींची मुले एकत्र राहत, एका पंगतीला जेवत. झाडलोट, पाणी, स्वयंपाक ही कामे मुलांनीच करायची. काम सगळ्यांचे, म्हणून घर सगळ्यांचे.

आपल्याकडे याहून जुना दाखला आहे. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत सांगितले होते की आसनव्यवस्था, ठराव, गणपूर्ती, मतमोजणी यांचे नियम भिक्खुसंघाला माहीत होते. विनयातील नियम आधी बसून एकगठ्ठा लिहिलेले नाहीत. प्रसंग घडला, त्याचे कारण स्पष्ट झाले, मग नियम आला. संघासमोर महत्त्वाचा प्रस्ताव आला की तो मांडून तीनदा विचारायचे, आणि हरकत असेल त्याने बोलायचे. अवंती देशातली जमीन खडबडीत आहे असे सोण भिक्खूने कळवले, तेव्हा तथागतांनी तिथल्या भिक्खूंना जाड तळाच्या वहाणांची मुभा दिली. जमीन पाहून नियम बदलला!

मग चौथीच्या वर्गात हे का होऊ नये? वर्ष सुरू होताच गुरुजींनी किंवा बाईंनी मुलांनाच विचारावे, आपला वर्ग नीट चालायला काय हवे? मुले आधी मोठ्यांना आवडेल तेच सांगतील. थोडे थांबावे. मग कोणी म्हणेल, मी वाचताना चुकलो की सगळे हसतात. कोणी म्हणेल, माझी पेन्सिल न विचारता घेतात. त्यातून चार-पाचच नियम काढावे, मुलांच्या शब्दांत लिहावे, प्रत्येकाचे कारण बोलून घ्यावे. मोडला तर काय, हेही त्यांनीच ठरवावे. इथे मात्र मोठ्यांनी सांभाळायला हवे, कारण मुले फार कडक शिक्षा सुचवतात. ज्याने सांडले त्याने पुसावे, ज्याला दुखावले त्याच्याशी बोलावे, इतके पुरे. पंधरा दिवसांनी पुन्हा बसावे आणि न चाललेला नियम बदलावा. चपला ओळीत काढायच्या ठरल्या तर गुरुजींच्या चपलाही त्याच ओळीत हव्यात.

झाडलोटीची पाळी हजेरीच्या क्रमाने लावावी. झाडू कायम त्याच मुलांच्या आणि मुलींच्या हातात दिसत असेल, तर भिंतीवरच्या तक्त्यावर समतेचे कितीही नियम लिहा, खरा नियम मुलांना कळलेला असतो.

पालकांच्या हातातही पुष्कळ आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मारहाण आणि मानसिक छळ या दोन्हींना बंदी आहे. त्याच कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात, निम्म्या महिला असाव्या लागतात, आणि दुर्बल घटकांतील पालकांना प्रमाणात जागा द्याव्या लागतात. समितीची बैठक म्हणजे नुसत्या सह्या नव्हेत. एका दिवसाचा रोजगार बुडतो हे खरे, तरी आयाबहिणींनी वर्षातून दोन-तीनदा तरी जावे आणि विचारावे, उशिराचा नियम करताना एस.टी.ची वेळ पाहिली होती का? झाडण्याची पाळी कोणाकोणाची आहे? माझ्या मुलीने कोणता नियम सुचवला?