‘चिंता’ म्हणजे प्रेम

अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, भुईकोट किल्ल्यात कैदेत असताना पंडित नेहरूंनी १९४४ साली ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिले. त्यात आग्नेय आशियावर एक टिपण आहे आणि त्याच्या मथळ्यातच ‘भारतीय वसाहती’ आहेत. अंगकोर, बोरोबुदूर ही जणू आपल्याच घरची लेणी, असा त्या पिढीतल्या अनेकांचा सूर होता. तुरुंगात बसून लिहिणाऱ्याला दोष कसा द्यावा? पण एम.ए.नंतर या विषयात शिरू पाहणारी नगरकडची मुले आजही तोच सूर लावत माझ्याकडे येतात, तेव्हा मी म्हणतो, आधी तिथली भाषा शिका.

‘संस्कृत येतं की, सर!’

येतं ना? मग इंडोनेशियात ‘चिंता’ म्हणजे काय? प्रेम! (संसारी वाचकांना हे पटावे.) ‘पुआसा’ हा आपलाच उपवास, पण तिथे तो रमजानचाही. ‘केपाला’ म्हणजे नुसते कपाळ नव्हे, सबंध डोके. शिवाय कचेरीतला प्रमुखही. शब्द इथून गेले खरे, अर्थ मात्र त्यांनी आपले लावले. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात १९५०पासून हा अभ्यास चालतो, तो तिथल्या भाषांच्या पायावर.

परवा एकीने विचारले, ‘घरच्यांनी दोनच वर्षं दिलीत. थाई घेऊ की इंडोनेशियन?’ लिपी रोमन असल्याने मी इंडोनेशियन सुचवली.