मोटार बुटकी करताना

काशीच्या गोदौलिया चौकातून दशाश्वमेध घाटाकडे निघालेल्या सायकलरिक्षेत दोन यात्रेकरू गाठोड्यांसह चढले, की बैठक किंचित खाली दबते. ते उतरताच पुन्हा वर येते. हे काम बैठकीखालचे पोलादी पाटे करतात. भार दुप्पट झाला की दबणेही दुप्पट होते, हा स्प्रिंगेचा नियम रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने १६७८ मध्ये विस्ताराने मांडला.

मोटारीलाही तोच नियम लागू पडतो. तिच्या चाकांपाशी बहुधा मळसूत्राकार स्प्रिंगा असतात. हौशी माणसे त्या काढून आखूड स्प्रिंगा बसवितात. त्यायोगे गुरुत्वमध्य खाली येतो व वळणावर मोटार कमी कलते. समजा, मोटारीचे पोट जमिनीपासून १७ सें.मी. वर होते व ती ४ सें.मी.ने खाली आणली. उरले १३. प्रत्येक स्प्रिंग २५ कि.ग्रॅ. भाराला १ सें.मी. दबत असेल, तर चौघे यात्रेकरू व त्यांचे सामान मिळून ३०० कि.ग्रॅ. भाराने मोटार आणखी ३ सें.मी. बसेल. उरले १०. इंडियन रोड्स काँग्रेसने १९८८ मध्ये सुचविलेल्या गतिरोधकाची उंचीही १० सें.मी.च आहे! म्हणूनच आखूड स्प्रिंग अधिक ताठर घडवावी लागते, आणि मग प्रत्येक खड्डा बसणाऱ्याच्या पाठीला कळतो.

मूळची स्प्रिंगच कापावी, असे काहींना वाटते. आठ वेढ्यांपैकी दोन कापल्यास ताठरपणा एकतृतीयांशाने वाढतो, हे खरे. परंतु कापलेले टोक आपल्या जागी नीट बसत नाही आणि चाक लोंबकळताच स्प्रिंग निसटू शकते. ज्योतीने तापवून ती खाली बसविणे त्याहून वाईट, कारण पोलादाचे पाणी उतरते.

घरी हे काम करणाऱ्याला सर्वांत मोठा धोका डोळ्यांना दिसत नाही. पुष्कळ मोटारींत स्प्रिंग धक्काशोषकाभोवती दाबून बसविलेली असते. वरचा नट सोडण्यापूर्वी ती आकड्यांच्या साधनाने समोरासमोर दोन्ही बाजूंनी सारखी आवळावी लागते. वरच्याच मापाची स्प्रिंग १५ सें.मी. दाबली, तर तिच्यात साठणारी ऊर्जा २८ कि.ग्रॅ. वजनाचा धोंडा एक मीटर उंचीवरून पडावा इतकी असते. आकडा सुटला तर ती क्षणार्धात मोकळी होते. हात व चेहरा त्या रेषेत कधीही नसावा. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या मोटारीखालीही शिरू नये. ती भक्कम घोड्यांवर टेकवावी. काम संपल्यावर चाकांचा कल तपासून घ्यावा, कारण उंचीबरोबर तोही बदलतो व टायर एका कडेने झिजू लागतात.