हरणं मोजणाऱ्यांचा पगार कोण देतं?

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात शिकारीचा कारभार १८९५ पासून ‘गेम कमिशन’कडे आहे. मासे मात्र नाहीत बरं का, त्यांचं खातं वेगळं! वर बिनपगारी कमिशनर. शिकारीचा हंगाम नि मर्यादा तेच ठरवतात. हरीण, अस्वल, टर्की यांचे जीवशास्त्रज्ञ आकडे काढून त्यांना सल्ला देतात. राज्याचे सहा विभाग, आणि प्रत्यक्ष रानात फिरतो तो वॉर्डन.

खरी गंमत पगाराची. राज्याच्या सर्वसाधारण करांवर हे खातं चालत नाही. पैसा येतो परवान्यांतून, स्वतःच्या जमिनीतलं लाकूड आणि नैसर्गिक वायू यांतून, शिवाय १९३७ च्या कायद्याने राज्यांना मिळणाऱ्या बंदुका-काडतुसांवरच्या केंद्रीय करातून. म्हणजे शिकारी घटले की परवान्यांचा पैसा आटतो. चोरटी शिकार करणारा तर परवाना काढतच नाही, पण त्याला पकडायला वॉर्डन लागतोच!