दाराशी ठेवलेली वही

माझ्या पहिल्या बैठकीला ६२ श्रोते आले. पुण्यात सदाशिव पेठेतल्या वाड्याचा दिवाणखाना, खाली सतरंज्या, माइक नाहीच. त्यांतल्या ४० जणांना मी स्वतः फोन केला होता. दाराशी वही ठेवली होती: नाव, नंबर, काय ऐकायला आवडतं. मैफली भरवण्याच्या कामात उतरू पाहणारी मुलं सुरुवात कशी करू म्हणून विचारतात, तेव्हा मी तीच वही पुढे ठेवते.

फलक, इन्स्टाग्रामची रील हवीच. पण तिकीट काढणारा बहुधा कुणाच्या तरी शब्दावर येतो. वहीतल्या पेटी शिकवणाऱ्या काकांना मारव्याचा सुगावा लागला, की ते चार शिष्यांना घेऊन हजर.

हिशेब मात्र आधी. बिदागी, साथीदारांचं मानधन, सभागृहाचं भाडं आणि अनामत, ध्वनिव्यवस्था, प्रवास, जेवण. या बेरजेला मी निम्म्याच खुर्च्यांनी भागते. येणारं तिकीट महाग वाटलं, तर सभागृह लहान घेते. साथीदारांची पाकिटं कार्यक्रमाआधी तयार असतात. उमेदवारीच्या दिवसांत एका आयोजकाने तबलजींना ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणून रिकाम्या हाताने परत पाठवलं होतं. ते काही बोलले नाहीत, तबल्यावर गवसणी चढवून निघाले. रिक्षात बसवून द्यायला मी गेले होते. ती लाज अजून जात नाही.

परवानग्यांची धावपळ महिनाभर आधी सुरू करावी. चित्रपटगीतं असतील तर गीतकार-संगीतकारांच्या हक्कांसाठी आयपीआरएसचा परवाना लागतो. उघड्यावर रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक बंद. भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ साली सुरू केलेला सवाई गंधर्व महोत्सव एके काळी रात्रभर चाले. या नियमाने त्याच्याही वेळा बदलल्या. मालकंस, दरबारीसाठी मी म्हणूनच बंदिस्त सभागृह धरते. उत्तररात्रीचे राग ऐकलेले कान मात्र कमी होत चाललेत, याचं मला फार वाईट वाटतं.

वहीच्या पहिल्या पानावरच्या आजींनी मागच्या वेळी फोन करून विचारलं, “लिफ्ट आहे का गं तिथे?” नव्हती. पुढची बैठक मी तळमजल्यावर ठरवली आणि पहिला फोन त्यांनाच केला.