मायकेल क्विनलन

सर मायकेल क्विनलन (११ ऑगस्ट, १९३० - २६ फेब्रुवारी, २००९) हे ब्रिटिश सनदी अधिकारी व अण्वस्त्रनीतीचे अभ्यासक होते. १९५४ साली ते ब्रिटनच्या हवाई मंत्रालयात रुजू झाले. पुढे संरक्षण मंत्रालयात धोरणविषयक उपसचिव असताना (१९७७-८१), पोलॅरिस क्षेपणास्त्रांच्या जागी अमेरिकेकडून ट्रायडेंट घेण्याच्या निर्णयात त्यांचा महत्त्वाचा वाटा होता. १९८८ ते १९९२ या काळात ते संरक्षण मंत्रालयाचे स्थायी सचिव होते.

श्रद्धाळू कॅथलिक असलेल्या क्विनलन यांनी अण्वस्त्रांचा नैतिक प्रश्न टाळला नाही. शत्रूला धाक बसण्यासाठी अस्त्रे वापरण्याची खरी तयारी लागते, नुसती बतावणी पुरत नाही, हे त्यांनी मान्य केले. मात्र या तयारीचा हेतू युद्ध टाळणे हाच असला पाहिजे, असे त्यांचे मत होते.